पुलावरचा गोळा

आमचा जुना पूल आठ फूट चार इंच रुंद होता. हे मी ऐकीव सांगत नाही. एका रविवारी सकाळी टेप घेऊन मी स्वतः तो तीन ठिकाणी मोजला आणि तिन्ही ठिकाणी आकडा तोच आला. लांबी दोनशे बारा पावलं. मधोमध असा उंचवटा की या टोकाच्या माणसाला त्या टोकाला काय चाललं आहे ते दिसत नसे. खाली रेल्वेच्या लाइनी, वर आम्ही. दोन ऑटो समोरासमोर आले तर एकालाच जाता येई, आणि दोघांपैकी मागे कोणी घ्यायचं हे ठरवण्यात गोंदियातल्या बऱ्याच लोकांची बरीच वर्षं गेली.

ट्रकांना पुलावर बंदी होती. ते फाटकावरून वळसा घालून जात. बाकी सगळं जग पुलावरून. मी फुलचूरला राहतो आणि पुलापलीकडच्या एका राईस मिलच्या धर्मकाट्यावर काम करतो. धानाचा भरलेला ट्रक तोलायचा, रिकामा तोलायचा, वजाबाकी लिहायची. हे काम बावीस वर्षं केल्यावर माणसाला सगळंच मोजायची सवय लागते. पण पुलाच्या बाबतीत माझ्यापेक्षा जास्त मोजणारा एक माणूस होता, आणि हे लिहितो आहे ते त्यांच्याबद्दल.

पुलाच्या आमच्या बाजूच्या टोकाला ते लोखंडी खुर्ची टाकून बसत. उंची बेताची, अंगावर पांढरा हाफ शर्ट, वरचं बटणसुद्धा लावलेलं. सगळे त्यांना गार्डबाबा म्हणत. ते प्रत्येकाला सांगत, "मी गार्ड नव्हतो जी, पॉइंट्समन होतो, रूळ बदलणारा." लोक "हो बाबा" म्हणत आणि पुन्हा गार्डबाबाच म्हणत. सहा वर्षांत एकाही माणसाने हे नाव सुधारलं नाही आणि त्यांनी सांगणं सोडलं नाही.

त्यांची नोकरी छोट्या लाइनीवर, म्हणजे नॅरो गेजवर, सुरू झाली होती. छोट्या लाइनीला रूळ एकेरी. दोन स्टेशनांच्या मधे एका वेळी एकच गाडी असावी म्हणून स्टेशन मास्तर ड्रायव्हरला एक गोळा देत असे. गोळा हातात आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नसे, आणि तो पुढच्या स्टेशनात पोचता झाल्याशिवाय दुसरा गोळा यंत्रातून निघत नसे. इतकी साधी गोष्ट. पुढे छोटी लाइन गेली, मोठी आली, तेही मोठ्या लाइनीवर गेले आणि तिथून रिटायर झाले. पण मनाने ते एकेरी रुळावरच राहिले असावेत.

रिटायर होऊन सहा महिने झाले असताना पुलाच्या उंचवट्यावर एक ट्रॅक्टर आणि एक शाळेची गाडी नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या. एक तास दहा मिनिटं. त्यांचं घर पुलाखालच्या गल्लीत. ते वर आले आणि दोन्हीकडच्या गाड्या एकेक करून मागे घ्यायला लावल्या. दुसऱ्या दिवशी ते लाल आणि हिरवी झेंडी घेऊन आले. झेंड्यांचा उपयोग झाला नाही, कारण उंचवट्यापलीकडे झेंडी दिसत नाही. मग आठ दिवसांनी ते गोळा घेऊन आले.

रेल्वेचा गोळा लोखंडी असतो आणि तो रेल्वेचा असतो. रेल्वेचा एक स्क्रूसुद्धा त्यांच्या घरात नव्हता. त्यांनी सुताराकडून सागवानी गोळा करून घेतला. काकींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, त्याला कॅनव्हासची थैली शिवली आणि थैलीला गळ्यात घालता येईल असा लाल पट्टा लावला. पद्धत अशी की आमच्या बाजूने बारा गाड्या सोडायच्या. बाराव्या गाडीवाल्याच्या गळ्यात गोळा घालायचा. त्याने तो पलीकडच्या टोकाला चहाच्या टपरीवर द्यायचा. टपरीवाली तिकडच्या बारा गाड्या सोडणार आणि त्यातल्या शेवटच्याच्या गळ्यात गोळा घालून परत पाठवणार. सायकली आणि पायी चालणारे मोकळे. म्हशींचा कळप ही एक गाडी.

"आधी गोळा, मंग गाडी," ते म्हणत. कुणी हुज्जत घातली, बाबा, पूल तर रिकामा दिसतोय, तर म्हणत, "दिसते म्हून रिकामा नसते."

त्यांना हा अधिकार कोणी दिला, असं पहिल्या महिन्यात निदान वीस जणांनी विचारलं. कोणी दिला नव्हता. पण गाड्या अडकत नव्हत्या, म्हणून विचारणारे हळूहळू थकले.

माझी त्यांची ओळख एका शंकेवरून झाली. मी म्हणालो, "काकाजी, रेल्वेत प्रत्येक गाडीला गोळा लागतो. तुम्ही फक्त बाराव्याला देता. हे नियमात कसं बसतं?"

ते माझ्याकडे असे पाहत राहिले की मला वाटलं आता चिडणार. त्यांनी दोन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी माझी स्कूटर रांगेत दिसताच खुर्चीवरून उठून आले.

"काटेवाले, सापडलं. बारा गाड्या म्हंजे एकच गाडी. बारा डब्यांची. गोळा आखरी डब्यात."

"मग बाराच का?"

"तेरावी मोजेपर्यंत मी पयली विसरतो," ते म्हणाले आणि स्वतःच हसले.

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी काटेवाले झालो. मी त्यांना एकदा पंधरा दिवसांच्या नोंदी काढून दिल्या. गोळ्याच्या आधी पुलाला माझी सरासरी सतरा मिनिटं जात, गोळ्यानंतर साडेचार. तो कागद त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवला आणि कुणी हुज्जत घातली की काढून दाखवत. घडीवर फाटला तेव्हा पारदर्शक पट्टी लावून घेतली.

साडेचार मिनिटं म्हणजे एक चहा. म्हणून दोन्ही टोकांना रांगेच्या कडेने दुकानं आली. पंक्चरवाला आला, शिंगाडे उकडून विकणारी एक बाई आली, चपला शिवणारा आला. माझ्या घरापासून चौथ्या घरात राहणाऱ्या शिक्षकांशी मी अकरा वर्षांत बोललो नव्हतो. पुलाच्या रांगेत बोललो आणि त्यांच्याच ओळखीतून माझ्या पुतणीचं लग्न ठरलं. पूल मोकळा वाहत असता तर हे झालं नसतं असं नाही, पण झालं ते असं झालं.

पलीकडची टपरीवाली छत्तीसगडातल्या दुर्गकडची होती आणि तिला चार भाषांत भांडता येत असे. बाबा तिला मास्तरीण म्हणत. गोळा पोचला की तिने फोनवर "पोचला" म्हणायचं आणि त्यांनी वहीत वेळ लिहायची असा नियम होता. तिच्या आवाजाला फोनची गरज नव्हती, पण नियम होता.

"अरे बाबा, मैं दूध देखूँ के तुम्हारा गोला देखूँ?" ती ओरडे.

"दूध उतू गेलं तं दूध जाते मास्तरीण, गोळा गेला तं पूल जाते!"

"तो तुम आके बनाओ चाय!"

हे रोज चाले. दोघांनाही ते आवडत असावं, कारण दोघांनीही ते कधी बंद केलं नाही.

कोणाला आधी सोडायचं याचा त्यांचा क्रम ठरलेला होता. आजारी माणूस आणि बाळंतीण पहिली. मग शाळेच्या गाड्या. मग दूधवाला, कारण दूध नासतं. मग मयत. "मयतीले मान द्याचा, पण तिले घाई नसते." सगळ्यात शेवटी ज्यांच्या गाडीवर पाटी असेल ते. पाटी कुठल्या पक्षाची हे ते वाचत नसत.

एकदा वरात आली. बँड, नाचणारे, बायका, आणि मागे घोड्यावर नवरदेव. मुलीकडचे पलीकडच्या टोकाला ताटं घेऊन उभे. बाबांनी विचार केला आणि वरात ही एक गाडी ठरवली. वरातीचा आखरी डबा नवरदेव. त्यांनी खुर्चीवर चढून घोड्यावरच्या नवरदेवाच्या गळ्यात लाल पट्टा घातला. वऱ्हाडातले दोन काके अंगावर धावून आले, "हे काय करून राहिले जी तुम्ही?" नवरदेव मात्र आमच्याच वस्तीतला होता. तो म्हणाला, "राहू द्या काकाजी. गोळ्याशिवाय मले पलीकडं कोणी घेणार नाही." लग्नाच्या अल्बममध्ये पहिल्या तीन फोटोंत हारांच्या खालून तो लाल पट्टा दिसतो. मी पाहिला आहे.

घरातही ते तसेच. न्हाणीघरात जाण्याआधी "लाइन क्लिअर?" म्हणून विचारत. काकी एकदा मला म्हणाल्या, "या घरात आमी दोनच माणसं. मी याच्या डोऱ्यासमोर भाजी चिरून राहिली, तरी हा माणूस न्हाणी खाली हाये का म्हून विचारते." मग आवाज उतरवून, "पण एक सांगू का, चाळीस वर्षात एक दिवस बी न विचारता गेला नाही."

मी एकदा त्यांना विचारलं होतं, ऊन-पावसात हे कशासाठी करता? दवनीवाड्याकडे भावाची शेती आहे, धानाच्या रोवणीला चार दिवस जाता तेव्हा किती खुशीत येता. तिथेच का राहत नाही? ते म्हणाले, "काटेवाले, साऱ्या नोकरीत एका लाइनीवर दोन गाड्या समोरासमोर येऊ देलो नाही. आता रिटायर झालो म्हून येऊ देऊ का?"

आता माझ्या चुकीचं सांगतो.

गोळा गळ्यात घालणं मला आवडत नसे. पन्नाशीच्या माणसाने लाल पट्ट्याची थैली गळ्यात घालून स्कूटर चालवायची, आणि टोकाला उभे असलेले लोक "आला आला, आखरी डबा आला" म्हणून ओरडणार. म्हणून मी रांगेत गाड्या मोजत असे आणि बारावा येतोय असं दिसलं की कुणाला तरी पुढे जाऊ देत तेराव्यावर थांबत असे. सहा वर्षांत मी फक्त दोनदा बारावा झालो होतो. बाबांच्या हे लक्षात आलं होतं की नाही, मला माहीत नाही.

धानाच्या हंगामातला दिवस होता. मिलमध्ये ट्रकांची रांग, मला उशीर झालेला. नऊ वाजून बावीस मिनिटांनी मी बारावा झालो. थांबायला वेळ नव्हता. माझ्या पुढची अकरावी गाडी आमच्याच मिलच्या मुनीमजींची, मागे त्या घडीला कोणी नव्हतं. बाबांनी पट्टा गळ्यात घातला आणि म्हणाले, "एका हातानं पकडून चालवू नका. राहू द्या गळ्यातच." मी हो म्हणालो. उंचवट्यावर गेल्यावर मुनीमजी आरशात पाहतील असं वाटलं. मी थैली काढली आणि जेवणाच्या डब्याच्या पिशवीत टाकली. टोकाला काढून देऊ असा विचार होता.

टोकाला मास्तरीण टपरीवर पाठमोरी होती, स्टोव्ह भडकला होता. तेवढ्यात मिलमधून फोन आला, काट्यावर सहा ट्रक उभे आहेत. मी तसाच पुढे गेलो. माझ्या गळ्यात पट्टा नव्हता, त्यामुळे मी आखरी डबा आहे हे तिथे थांबलेल्या कुणालाच कळलं नाही.

पुढचं मला नंतर समजलं. तिकडचे लोक आखरी डब्याची वाट पाहत उभे राहिले. इकडचे लोक गोळा परत येण्याची वाट पाहत उभे राहिले. मधे पूल पूर्ण रिकामा. बाबांनी फोन केला. मास्तरीण म्हणाली, आलाच नाही. एरवी कोणाचंही न ऐकणारी आमची वस्ती तेवीस मिनिटं रिकाम्या पुलाकडे बघत शहाण्यासारखी उभी राहिली. मग दोन्हीकडचा धीर एकदम सुटला आणि दोन्हीकडचे एकदम शिरले. उंचवट्यावर गाठ पडली. शिव्या, धक्काबुक्की, एका ई-रिक्षाची काच फुटली. बाबांनी दुपारपर्यंत एकेक गाडी मागे काढली. गोळा हरवला तर रेल्वेत कागदी परवाना देतात; तसे परवाने त्यांनी कार्बन घालून हाताने लिहिले, प्रत्येक गाडीला एक. संध्याकाळी खुर्ची उचलून ते घरी गेले.

मला गोळा सापडला दीड वाजता, डबा काढताना. थैली भाजीच्या डब्याखाली होती. मी लगेच निघायला हवं होतं. काट्यावर ट्रक होते, हे खरं. पण चारला ट्रक संपले, तेव्हाही मी निघालो नाही. तोवर एका ड्रायव्हरने बातमी आणली होती, "पूल पे बुड्ढे ने गोला गुमा दिया. बहुत मार हुई." मुनीमजी म्हणाले, "सठिया गया है." मी ऐकून घेतलं. रिकामा काटा समोर होता, म्हणून मी थैली छोट्या तराजूवर ठेवली. तीनशे चाळीस ग्रॅम. हे मी का केलं ते मला सांगता येत नाही.

त्या संध्याकाळी मी फाटकाकडून घरी गेलो. ते चार किलोमीटर तीनशे मीटर जास्त पडतं. दुसऱ्या दिवशी जातायेताही तसाच गेलो. रोज ठरवत होतो की उद्या देऊ, आणि रोज उद्या देणं कालपेक्षा अवघड होत होतं. पहिल्या दिवशी दिला असता तर विसरलो एवढंच म्हणावं लागलं असतं. चौथ्या दिवशी चार दिवस काय केलं हेही सांगावं लागणार होतं. बायकोने विचारलं, स्कूटरला पेट्रोल जास्त का लागून राहिलं? मी म्हणालो, कार्बोरेटर.

बाबा दुसऱ्या दिवसापासून पुलावर आले नव्हते. वस्तीला वाटलं, रागावले असतील, येतील. पूल पुन्हा पहिल्यासारखा झाला. सतरा मिनिटं, वीस मिनिटं, एकदा पन्नास, असं मिलवर कानावर येई.

नवव्या दिवशी चार वाजता मास्तरीण मिलवर किटली घेऊन आली. ती रोज यायची, पण त्या दिवशी कप भरून झाल्यावर गेली नाही.

"भैया, बाबा जा रहे कल."

"कुठे?"

"नागपूर. लड़का आया है लेने. बोलता है, अब अकेले नहीं रख सकते." तिने पदराने किटलीची तोटी पुसली. "मैं मिलने गई थी. बोले, मास्तरीण, मैंने वो दिन गोला दिया के नहीं दिया, मेरे को याद नहीं आ रहा. बहुत सोचा, बोले. याद है के दिया, किसको दिया वो याद नहीं. पर तू बोलती है आया नहीं, और तू झूठ नहीं बोलेगी. तो मेरा ही दिमाग गया होगा." तिने किटली खाली ठेवली. "मैंने सच बोला ना भैया? नहीं आया तो नहीं आया बोली. मैंने क्या गलत बोला?"

मी म्हणालो, नाही, तू काही चूक बोलली नाहीस. यापलीकडे मी त्या वेळीही काही बोललो नाही. ती किटली घेऊन गेली.

दहाव्या दिवशी सकाळी मी मिलमध्ये फोन करून उशिरा येतो म्हणून सांगितलं आणि पुलाखालच्या गल्लीत गेलो. दारात दोन बॅगा आणि तांदळाचं एक कट्टं, म्हणजे लहान पोतं, बांधून ठेवलेलं. मुलगा ओट्यावर फोनवर होता. स्टेशनवर न्यायला येणारा ऑटो पुलावर अडकला होता आणि ऑटोवाला कधी पोचेल ते सांगत नव्हता.

"काकाजी, बरं झालं भेटायला आलात," मुलगा म्हणाला. माणूस वाईट नव्हता. "मलाही आवडतं का यांना उपटून न्यायला? पण मागच्या महिन्यात गॅस रात्रभर चालू राहिला. आता हे गोळ्याचं. उद्या काही झालं तर लोक मला विचारतील."

आत बाबा पलंगावर बसले होते. समोर तो कार्बनचा पॅड. त्यांनी एक अर्ज लिहिला होता आणि तो त्यांनी मला वाचायला दिला, अक्षर नीट आहे ना बघा म्हणून. मजकूर असा होता की, संबंधित दिवशी मी गोळा दिला किंवा नाही हे मला आठवत नाही, सबब मला ड्युटीवरून कमी करण्यात यावे. खाली सही. वर "प्रति" लिहून पुढची जागा कोरी होती, कारण कोणाला लिहायचं ते त्यांना ठरवता आलं नव्हतं.

मी पिशवीतून थैली काढून त्या अर्जावर ठेवली.

ते थैलीकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे. काकी भाजी निवडत होत्या, त्यांचा हात थांबला.

"तुम्ही दिला होता," मी म्हणालो. "मला. मीच पोचवला नाही."

"कधी?"

"नऊ बावीस."

"कोणत्या हातात?"

"हातात नाही. गळ्यात घातलात. म्हणालात, एका हातानं पकडून चालवू नका, राहू द्या गळ्यातच."

"मी म्हणलो असं?"

"हो. मी हो म्हणालो. आणि उंचवट्यावर काढून पिशवीत टाकला."

"पुढं कोण होतं?"

"आमचे मुनीमजी. निळी गाडी. अकरावी."

"निळी," ते म्हणाले. "निळी गाडी होती. बराबर. मले निळी दिसत होती, पण मले वाटलं ते आदल्या दिवशीचं." आणि मोठ्याने, जणू काकी दुसऱ्या घरात असाव्यात, "ऐकलं का! मी देलो होतो! काटेवाल्याले देलो होतो!"

मी शिव्या खायच्या तयारीने गेलो होतो. त्यांनी मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग मुलाला आत बोलावलं आणि त्याच्यासमोर तिसऱ्यांदा सांगायला लावलं. बेचाळीस वर्षं नोकरी केलेला माणूस, एका सकाळच्या दोन मिनिटांची हकीकत अशी ऐकत होता की जणू कुणी त्याला मुलाच्या जन्माची वेळ सांगावी.

मुलाने हातातला फोन खिशात टाकला. मग म्हणाला, "ठीक आहे बाबा. पण गॅसचं काय?"

काकींनी निवडलेली भाजी ताटात सारखी केली. "गॅस मीच ठेवली होती चालू," त्या म्हणाल्या. "दूध गरम कराले गेली अन् तशीच झोपली. सकारी तू फोनवर ओरडला, बाबांनी काय केलं म्हून. मी बोलली नाही."

"माय! महिनाभर?"

"तू मलेच नेला असता."

बाबांनी काकींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग दाराकडे पाहून म्हणाले, "आणखी कोणी हाये का बाहेर? असन तं येऊन जा म्हणा."

मुलगा हसला. हसू आवरायला गेला आणि जास्तच हसला, आणि डोळे पुसत ओट्यावर जाऊन बसला. काकीही हसल्या. मला हसता आलं नाही. ते बाबांनी पाहिलं.

"एक विचारू का काटेवाले?" ते हळू म्हणाले. "नऊ दिवस काऊन नाही आले?"

किती ट्रक होते, हंगाम कसा होता, हे सगळं माझ्याकडे आकड्यांसह तयार होतं. मी म्हणालो, "लाज वाटली."

त्यांनी मान हलवली. ते पट्ट्याची शिवण बोटाने चाचपत होते.

"तुमाले लाज वाटली, मले भेव वाटला, हिले बी भेव वाटला," ते म्हणाले. "आपल्या आपल्या घरात तोंड लपवून बसून राहिलो. अन् तिकडं लोकं एकमेकायच्या गाड्या फोडून राहिले."

बाहेर मुलाचा फोन वाजला. ऑटोवाला सांगत होता की पुढे ट्रॅक्टर आहे, मागे शाळेची व्हॅन आहे, साहेब दुसरा ऑटो बघा.

"व्हॅन?" बाबांनी आतून विचारलं. "पोरं आत हाये का विचार."

मुलाने विचारलं. होती.

ते उठले. चपला पायात सरकवल्या, गोळा काखेत घेतला. दारातल्या बॅगांना वळसा घालायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी तांदळाच्या कट्ट्यावरून पाय टाकला. ओट्यावरून मुलगा म्हणाला, "बाबा, आपली गाडी..."

"काटेवाले, खुर्ची घ्या ती," ते गल्लीतून ओरडले. "अन् लवकर चला."